चष्मा पुसायची सवय

ऑनलाइन बुद्धिबळात आमच्या क्लबमध्ये माझा हात धरणारं कुणी नाही. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी माझा डाव असला की तो मोबाइल घेऊन माझ्या मागच्या पलंगावर ठाण मांडतो. म्हणतो, "तू खेळ, मी आहे पाठीशी."

आज अंतिम डावात दुसऱ्या क्लबच्या एका अनोळखी खेळाडूने मला धूळ चारली. शिकण्यात कसली लाज, म्हणून मी त्यालाच मेसेज केला, "माझ्या खेळात काय सुधारू?"

त्याने मोकळेपणाने लिहिलं, "तुमची चढाई जबरदस्त आहे, समोरच्याची पाचावर धारण बसते. पण पुढची चाल सुचली नाही की तुम्ही चष्मा काढून पुसत बसता. ती सवय मोडा. तुम्ही अडकलात हे लगेच कळतं."

माझ्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही.

मी लिहिलं, "चष्म्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

 

त्याने मेसेज वाचल्याची खूण उमटली. लगेच मागे दादाचा फोन वाजला, आणि तो "आलोच हं" म्हणत घाईघाईने गॅलरीत गेला.