आवाजाइतकाच वेळ

हेडफोनमध्ये एक सूर वाजला आणि थांबला. तो जितका वेळ वाजला तितकाच वेळ बटण दाबून धरायचं, एवढंच काम. ड्रमरला हसू आलं. सगळी हयात ठेका धरण्यात गेली होती; हा तर डाव्या हातचा मळ.

डॉक्टरीणबाईंनी बरेच सूर ऐकवले. आखूड, लांब, पुन्हा आखूड. मग पडदा त्याच्याकडे वळवला. आखूड सूर त्याने ताणले होते. लांब सूर अर्ध्यातच सोडले होते.

"थोडी गल्लत सगळ्यांचीच होते," त्या म्हणाल्या. "तुमची फार आहे. वेळेचा अंदाज मेंदूला नीट येत नाहीये. स्वतःला ते जाणवतही नाही. तुमची लय वर्षभर सुटतेय, असं या सांगत होत्या."

"वर्षभर?" त्याने शेजारी बसलेल्या गायिकेकडे पाहिलं. "प्रत्येक कार्यक्रमानंतर मी तुला विचारायचो, हात कसा चाललाय? तू म्हणायचीस, दादा, आज तर कमाल केलीत."

ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"माझी लय सुटत होती, तर तू गात कशावर होतीस?"

"मशीनवर. आमच्या कानात मशीनचा ठेका असायचा. लोकांनाही तोच ऐकू जायचा." तिचा आवाज खाली गेला. "म्हणून तर वाढदिवसाला ते इलेक्ट्रॉनिक ड्रम दिले. त्यांचा आवाज फक्त तुमच्याच हेडफोनमध्ये सोडायचो. खरं सांगितलं असतं तर तुम्ही खचला असता, दादा."



"परवा मी एकट्याने वाजवलं. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. तेव्हा तर मशीन नव्हतं?"

"ते तुमचंच वाजवणं होतं," ती घाईने म्हणाली. "जुनं. रेकॉर्ड केलेलं."

मंचासमोरच्या साऊंडच्या टेबलामागे बसून कोणाचा आवाज सोडायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे ठरवणारा माणूस एकच होता. तो कोण, हे ड्रमरला विचारायची गरज नव्हती.

ड्रमरने मान वळवली. दाराच्या काचेपलीकडे बाकावर त्याचा मुलगा बसला होता. बाप बघतोय म्हटल्यावर तो उठून उभा राहिला आणि त्याने दर कार्यक्रमाआधी टेबलामागून करायचा तसाच हसून अंगठा वर केला.