तीन बोटांचा पंजा

मालवणजवळच्या प्रवाळांत उतरलेल्या नीरजा तांडेलने कॅमेरा माकुलीवर, रंग बदलणाऱ्या स्क्विडवर, रोखला. हल्लीचे कॅमेरे नुसतं प्राण्याचं नाव सांगून थांबत नसत. माकुल कातडीवरच्या रंगांनी काय बोलतेय, तेही वाचून दाखवत. बहुतेक वेळा 'खेकडा', नाहीतर 'शार्क आला, पळा', एवढंच. आज पडद्यावर उमटलं, 'तीन बोटांचा माणूस.'

 नीरजाच्या बाबांची दोन बोटं होडीच्या दोरात गेली होती. फोटो काढण्याआधी ते तोच पंजा उघडून माकुलीसमोर धरत. "आधी आपली ओळख द्यायची, मग तिची विचारायची," म्हणत.

"काका, कॅमेरा बिघडलाय," ती मुखवट्यातल्या फोनवर म्हणाली. "बाबांचे जुने फोटो यात भरलेत ना, त्याचाच घोळ."

"मगे बंद कर आणि तुझ्या डोळ्यांनी बघ," वर होडीत बसलेले दाजीकाका म्हणाले.

तिने कॅमेरा बंद केला. माकुलीच्या तपकिरी पाठीवर पांढराशुभ्र पंजा होता. तीन बोटांचा.

"काय गो, दिसता काय?"

 बाबांना जाऊन नऊ पावसाळे झाले होते. माकुल दोनही धड काढत नाही, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येण्याआधीच आई मेलेली असते. मग हिला सांगितलं कोणी?

नीरजाने दोन बोटं मिटून पंजा पुढे धरला. माकुल बाजूला सरकली. तिच्यामागे खडकाला अंड्यांचा घोस लटकत होता, काचेसारखा आरपार दिसणारा. आतल्या इवल्या इवल्या पाठींवर एकेक करून पांढरे पंजे उमटू लागले.