सत्यघटनेवर आधारित

मुरारीने दोनशे दहा पानांचा गठ्ठा डाव्या हाताने टीपॉयवर ठेवला. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं.

"वाचली राव," तो म्हणाला. "दोघांनीही वाचली."

चिखलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ज्योतीराम खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. त्याची ही पहिलीच कादंबरी. दोघं होते त्या चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली बोटं गेलेल्या कामगाराची. पुण्याच्या प्रकाशक विजयश्री मॅडम ती छापायला तयार होत्या. मुखपृष्ठावर नुसतं 'कादंबरी' छापायचं की 'सत्यघटनेवर आधारित कादंबरी', एवढंच ठरायचं होतं. ज्याची बोटं गेली त्याला विचारल्याशिवाय ज्योतीरामला हो म्हणवेना.

मुरारीची बायको सुप्रिया पोहे घेऊन आली.

"भावजी, त्यात विचारायचं काय? सत्यघटनाच लिहा," ती म्हणाली. "ते चौकशीचं प्रकरण मी तीनदा वाचलं. सगळे खाली माना घालून बसलेत आणि तो एकटा उठतो. नाव बदललंय, पण कळतंच की, ते तुम्ही. साहेबांच्या तोंडावर सांगता, माल जास्त निघावा म्हणून हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझरनेच बंद करायला लावला, ह्याची काही चूक नाही. एवढं बोललात आमच्यासाठी, आणि ह्यांनी चार वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं नाही बघा."

ज्योतीरामने मुरारीकडे पाहिलं. मुरारी खिडकीतून खाली बघत होता. खालच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं.

म्हणजे त्याने बायकोला काहीच सांगितलं नव्हतं. चार वर्षं.

ज्योतीरामच्या हातातली बशी तशीच राहिली. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"वहिनी, मी उठलो नव्हतो."

"म्हणजे?"

"मला विचारलं, सेन्सर चालू होता का. मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं." त्याने बशी टीपॉयवर ठेवली. "मी शेजारच्याच मशीनवर होतो. सगळं दिसत होतं मला."

सुप्रिया नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथंच बसलो होतो की, हाताला बँडेज बांधून," मुरारी म्हणाला. "त्याची पर्मनंटची ऑर्डर निघायची होती गं तेव्हा. घरात लहान पोर होतं."

"आणि आपल्या घरात?"

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही.

"ते प्रकरण मी बदलतो," ज्योतीराम हळू आवाजात म्हणाला. "जसं झालं तसंच लिहितो. मग सत्यघटना म्हणता येईल."

"नको. राहू दे ते."

"अरे, पण खोटं आहे ते."

"मला माहीत नाही का? तरी वाचताना वाटत होतं, आता उठतोय, आता बोलतोय." मुरारीने गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. "पुस्तकात तरी बोलू दे त्याला."

ज्योतीरामने तिथूनच फोन लावला.

"मॅडम, नुसतं 'कादंबरी' छापा."

"अहो, का? सत्यघटना म्हटलं की लोक पुस्तक हातात घेतात. आणि तो चौकशीचा प्रसंग तर..."

"तो घडलेला नाही."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, शब्दन् शब्द खरा आहे म्हणून?"

सुप्रिया आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हणालो होतो," ज्योतीराम म्हणाला.