एकेचाळीस नंबरचं कूपन

मालवणच्या बाजारपेठेत सत्यवानच्या पेपर एजन्सीसमोर सकाळी दहालाच रांग लागली होती. रांगेत मास्तर होते, तहसीलचे कारकून होते, बँकेतल्या शिपायाची बायको होती, आणि सगळ्यांच्या मागे, म्हावऱ्याची पाटी पायरीवर ठेवून, विमला उभी होती. प्रत्येकाच्या हातात एकच तक्ता. साठ चौकोन, रोजच्या पेपरातलं एक अशी साठ कूपनं. साठही चिकटवून आणली की अठराशेचा मिक्सर सहाशेला.

विमलाला तो मिक्सर हवाच होता. शिमग्यापासून तिचा उजवा खांदा धरला होता. दिवसभर पाटी वाहून झाल्यावर संध्याकाळी पाट्यावर खोबरं वाटायला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. नवरा तुकाराम म्हणाला होता, थोडे दिवस खोबऱ्याशिवाय खाऊया. दुसऱ्याच दिवशी बिनखोबऱ्याची आमटी त्यानेच ताटात तशीच टाकली.

तिच्या घरी पेपर येत नव्हता. पावसात होड्या बंद झाल्या की ती सुके बांगडे विकायची आणि पुड्या बांधायला रद्दी घ्यायची. जुलैत एका कागदावर लाल चौकटीतला आकडा दिसला. शेजारच्या गौरजाकडून तिने ती स्कीम वाचून घेतली, आणि त्या दिवसापासून कात्री लावल्याशिवाय एकही कागद पुडीला दिला नाही. मालवणातली रद्दी पुरेना, तेव्हा वैभववाडीच्या भावाला, परशुरामला निरोप धाडला. तो एस्टीने गठ्ठे पाठवायचा.

आज रांग पुढे सरकत होती, पण मिक्सर कुणालाच मिळत नव्हता. आतल्या भिंतीला खोक्यांची थप्पी तशीच उभी होती. जो तो तक्ता दाखवून बाजूला होत होता.

"एकेचाळीस नंबर नाही," सत्यवान प्रत्येकाला सांगत होता. "साठ म्हणजे साठ."

"त्या दिवशी मालवणात पेपरच आला नव्हता," शाळेतल्या सुशीलाबाई म्हणाल्या. "पुरात गाडी अडकली म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

"होय बाई. पण वरून ऑर्डर तशी आहे. माझ्या हातात काही नाही."

विमलाची पाळी आली. सत्यवानने तक्ता दोन बोटांत धरला. सुक्या बांगड्यांचा वास खोलीभर पसरला. त्याने तक्त्याकडे नीट पाहिलंही नाही.

"गो बाये, ही स्कीम वर्गणीदारांका. तू माझ्याकडसून पेपर घेतंस काय?"

"नाय."

"मग?"

"तसा ह्येच्यार खंय लिवलेला आसा, ता माका वाचून दाखवा."

सत्यवानने तक्ता उलटा केला. मागे बारीक टायपात नियम होते. तो वाचेना, तेव्हा सुशीलाबाईंनी तक्ता त्याच्या हातातून घेतला आणि चष्मा चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. झेरॉक्स चालणार नाही. फाटकं कूपन चालणार नाही. एका घराला एकच मिक्सर.

"वर्गणीदार हा शब्दच नाही यात," असं म्हणत त्यांनी तक्ता सुलटा केला, आणि त्यांचं बोट पाचव्या ओळीच्या पहिल्याच चौकोनावर थांबलं. बाई शाळेतलं मराठी विसरल्या.

"अगो, ह्या तुका खंय गावला?"

"वैभववाडीक. गाडी थंयच अडाकली होती मा. पाणी उतारला तवसर पेपर शिळो झालो. भावान गठ्ठोच्या गठ्ठो रद्दीत घेतलो."

सत्यवानने एकेका चौकोनावर बोट ठेवत साठपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, शिक्का मारला आणि सहाशे रुपये घेऊन थप्पीतलं पहिलं खोकं काढून टेबलावर ठेवलं.

सुशीलाबाई अजून तिथेच होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "एकच होता काय गो?"

विमलाने पिशवीत हात घातला. एखादं कूपन मळकं म्हणून परत करतील, या भीतीने तिने सगळ्यांचे जोड बरोबर आणले होते. एकेचाळीसची तर रबर लावलेली जुडीच होती.

बाजूला झालेली माणसं पुन्हा रांगेला लागली, पण आता रांग विमलासमोर होती. तिची पाटी शेजारून गेली की एरवी नाकाला रुमाल लावणाऱ्या कारकुनाने तिला बसायला स्टूल आणून दिलं. ती बसली. एकेकाला एकेक कूपन देत गेली. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत.

"गोंद मात्र तुमचो तुमी बगा," एवढंच म्हणाली.

अर्ध्या तासात थप्पी निम्म्यावर आली. शिक्का मारून मारून सत्यवानच्या कपाळावर घाम आला होता. विमला उठली तसा तो टेबलामागून बाहेर आला.

"विमलाबाय, उरलेली कूपनं माझ्याकडे ठेवून जाता काय? उद्या देवबागसून, कट्ट्यासून माणसां येतली. मी देतंय तेंका."

विमलाने जुडीला रबर लावलं आणि ती कमरेला खोचली. डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मिक्सरचं खोकं ठेवलं, डाव्या हाताने पायरीवरची पाटी उचलून काखेत मारली.

"तेंका म्हावऱ्याच्या बाजारात माझ्याकडे धाडा," ती म्हणाली. "एक वाटो घेतल्यार एकेचाळीस नंबर फुकट. पण आदीच सांगून ठेवा, भाव कमी होवचो नाय."