गेल्या वर्षीचं उत्तर

"पहाटे पूल घेतो," म्हणत कर्नल इंगवलेंनी वाळूच्या नकाशावर निळा झेंडा रोवला, जणू ब्रिगेडियरची खुर्चीच राखून ठेवली. आत्मविश्वास असणारच, उत्तर गेल्या वर्षीच्या बॅचकडून आलं होतं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण पडले होते.

वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या या कॉलेजात शत्रूसुद्धा वर्गातलाच असतो. यंदा तो मान कर्नल धुमाळबाईंचा होता. त्यांनी सगळ्या तोफा पुलाकडेच वळवून ठेवल्या होत्या. जेवणाआधीच इंगवलेंची ब्रिगेड गारद झाली.

"मी पुलावरच येणार, हे कसं ओळखलंत?"

"सर, गेल्या वर्षीचं उत्तर शत्रूलाही मिळतं की!"

वर्ग खदखदून हसला. कमांडंट हसले नाहीत. "अशीच चूक एकदा खऱ्या पुलावर झाली, म्हणून हे कॉलेज काढलं. इथे फक्त वाळू सांडते. बोला इंगवले, बढतीच्या अहवालात काय लिहू?"

इंगवले ताठ उभे राहिले. "लिहा सर, हरलो. पण उद्या पुन्हा खेळू द्या. आणि शत्रू धुमाळच हव्यात."

"हरल्यावर सोपा शत्रू मागणारे पुष्कळ पाहिले," कमांडंट म्हणाले. "तुम्हाला आता खरी ब्रिगेड द्यायला हरकत नाही."