तीन ठोके, मग एक

बावीस वर्षं मी लोकांना समुद्राखाली नेतोय, पण एकालाही खाली ठेवून आलो नाही. माझी शिस्तच तशी आहे. पाठीवरच्या हवेच्या टाकीवर मी चाकूच्या मुठीने तीन ठोके देतो, थांबतो, मग एक. ते ऐकलं की समोर कासव असो की देवमासा, प्रत्येकाने मुकाट्याने माझ्याकडे यायचं.

आज माझी लेक पहिल्यांदाच खाली उतरली. ठोके ऐकताच सगळ्यांच्या आधी आली. अभिमानाने छाती फुगली माझी.

लेकीसकट सहाही जण बोटीवर परतले. टाकी उतरवून मी चाकू पुसत बसलो.

तेवढ्यात बोटीखालून ठोके आले. तीन. मग एक.

सहाही जण मुकाट्याने मास्क चढवू लागले. सगळ्यांच्या आधी लेक उठली.

“काका, जरा सरका ना,” ती मला म्हणाली, “बाबा बोलावतायत.”