भांडायला जागा

“कशासाठी हवी म्हणालात खोली?” आजोबांनी चष्मा वर सरकवून पुन्हा विचारलं.

“भांडायला,” नवरा म्हणाला आणि फरशीकडे बघू लागला. बायको मात्र सरळ समोर बघत होती.

दोघांना घेऊन आलेल्या एजंटबाईंनी घसा खाकरला. जिन्याखालच्या सांदीलासुद्धा भाडेकरू गाठून देणाऱ्या त्या. पण असलं गिऱ्हाईक त्यांच्याही आयुष्यात पहिलंच. “आठवड्यातून एकदाच, आजोबा. शनिवारी चार ते सहा. आजी गेल्यापासून तीन वर्षं मागची खोली बंदच आहे ना तुमची? तेवढीच हवा खेळेल.”

“घरात आम्ही नऊ माणसं,” बायको म्हणाली. “सासूबाईंचं दुखणं, दिरांच्या मुलांच्या परीक्षा. ब्र काढायची सोय नाही. दोन वर्षांत एक भांडण धड शेवटाला गेलेलं नाही. सगळी अर्धवट पडलीयेत. आता तर बोलणंच संपलंय. दूध आणलं का, गॅस बंद केला का, एवढंच. असंच चाललं तर एक दिवस मी निघून जाईन, आणि ह्यांना ते जेवायला बसल्यावर कळेल.”

नवऱ्याने मान वर केली नाही. आजोबांना दोघांचीही दया आली, पण त्यांना शेजाऱ्यांची धास्ती होती.

“आधी भांडून तर बघू द्या,” एजंटबाई म्हणाल्या. “त्यांनाही खोली पटायला हवी.”

दोघं आत गेली, दार लागलं. बाहेर आजोबा आणि एजंटबाई कान टवकारून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून नुसती खुसपुस.

“मिटलं वाटतं ह्यांचं,” एजंटबाई हिरमुसल्या. सौदा हातचा चालला होता.

आजोबांना राहवेना. त्यांनी उठून दार ढकललं. दोघं समोरासमोर उभी होती. नवऱ्याचा चेहरा लालबुंद, बायकोचे डोळे भरलेले, आणि भांडण चाललं होतं ते बाळ निजलेल्या घरातल्या आवाजात. सवयच तशी लागली होती बिचाऱ्यांना. आजोबांचा जीव कळवळला.

“अहो, मोठ्यानं भांडा! इथे कोणी निजलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि भिंती पक्क्या आहेत. आम्ही बेचाळीस वर्षं तपासल्यात.”

दार स्वतःच लावून घेऊन ते परत खुर्चीत येऊन बसले.

मग बायकोचा आवाज फुटला, आणि काय फुटला! ती तापाने फणफणलेली असताना मित्राकडे जाऊन बसल्याचं, बहिणीच्या घरी जायला चार वेळा टाळाटाळ केल्याचं, पलंगावरच्या ओल्या टॉवेलचं, सगळं एकदम बाहेर आलं. नवऱ्यानेही पट्टी चढवली. त्याचंही बरंच साचलेलं होतं. खिडकीची तावदानं थरथरली.

एजंटबाईंनी कानांवर हात ठेवले. “आजोबा, झेपेल ना तुम्हाला हे? नाहीतर मी त्यांना दुसरी जागा बघते.”

आजोबा काही सांगणार, इतक्यात आतून ती कडाडली, “अहो, मी एवढी बोलतेय, ऐकताय का?”

“ऐकतोय गं, ऐकतोय,” खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या तोंडून निघून गेलं.